प्लेयर्स हँडबुक 2024 : छापील नियम आणि आमच्या वहीतले ठराव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं नवं नियमपुस्तक हातात आल्यावर मी चित्रं पाहिली नाहीत की प्रस्तावना वाचली नाही. थेट साहित्याच्या यादीत शिरले आणि 'पोशन ऑफ हीलिंग' हे जखमा भरणारं औषध शोधलं. किंमत 50 सोन्याची नाणी, पूर्वीचीच. भरून येणारे जिवाचे पॉइंट म्हणजे चार पैलूंचे दोन फासे अधिक 2, तेही पूर्वीचेच. पण पुढे लिहिलं होतं की प्यायला बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली छोटी जादा कृती, पुरते. मी तिथूनच ओरडले, "अहो, आपला ठराव पास झाला!" यजमानांना वाटलं, लिफ्टचा.

खुलासा करायला हवा. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे, आणि दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सची डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डीएम गोष्ट रचत जाते, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र चालवतात, आणि जमेल की नाही असा प्रसंग आला की वीस पैलूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या अंगच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. माझा मुलगा लॉकडाऊनमध्ये हे खूळ घरात घेऊन आला. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, टेबल इथेच राहिलं.

सध्या टेबलावर आम्ही पाच जण. धाकटे दीर बुटका योद्धा चालवतात, म्हणजे ड्वार्फ फायटर. बी विंगमधले रेल्वेतून निवृत्त झालेले काका क्लेरिक आहेत, म्हणजे देवाच्या नावाने मंत्र चालवणारा पुजारी. शेजारची मुलगी लॉ कॉलेजात शिकते आणि खेळात चोर आहे, इंग्रजीत 'Rogue'. मुलाचा एक मित्र विझार्ड, म्हणजे जादूगार. पुस्तकासाठी आम्ही वर्गणी काढली. छापील किंमत 49.99 डॉलर, आमच्या दारात येईपर्यंत चार हजारांच्या वर गेलं, म्हणजे प्रत्येकी साडेआठशे. एवढे पैसे मोजल्यावर परीक्षण लिहायचा हक्क मला पोचतो असं मी धरून चालते.

आणि एक वही आहे. सोसायटीच्या इतिवृत्ताची वही आणली तेव्हा जोडीने घेतलेली, लाल कापडी पाठीची. टेबलावर आम्ही स्वतः केलेले नियम त्यात क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक अशा थाटात लिहिलेले असतात. हे थट्टेने सुरू झालं होतं. पण "मागच्या वेळी तुम्ही असं म्हणाला नव्हतात" या वाक्यावर वहीपेक्षा चांगला उतारा मला सापडलेला नाही, सोसायटीतही आणि टेबलावरही. नवं पुस्तक मी या वहीशेजारी ठेवून वाचलं. त्यामुळे हे परीक्षण तसं पुस्तकाचं एकट्याचं नाहीच.

औषधाचं आधी सांगते. 2014 च्या आवृत्तीत कुपी प्यायला अख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जायची, म्हणजे त्या फेरीत तलवार चालवता यायची नाही. कुपीतून सरासरी 7 पॉइंट मिळायचे. समोरचा ओगर नावाचा राक्षस एका फटक्यात सरासरी 13 काढायचा. सात जमा, तेरा खर्च, आणि मारायची पाळी वाया. हा हिशेब कळायला कोणाला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही, त्यामुळे कुपी कोणी पीतच नसे. सगळ्यांच्या झोळीत चार-चार कुप्या, आणि माणूस आडवा पडल्यावर दुसऱ्याने त्याच्या तोंडात ओतायची. आमचा ठराव क्र. 2 असा होता: झटपट प्यायलात तर बोनस अ‍ॅक्शन, मग फासे टाका. नीट उभं राहून सावकाश प्यायलात, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन दिलीत, तर फासे न टाकता पूर्ण 10 घ्या.

हा ठराव आमचा असं मी म्हणते खरी, पण जगातल्या कितीतरी टेबलांनी तो आपापल्या वहीत लिहिलेला होता. 2023 मध्ये आलेल्या बाल्डर्स गेट थ्री या व्हिडिओ गेमनेही कुपी बोनस अ‍ॅक्शनमध्येच प्यायला दिली होती. नव्या पुस्तकाने फक्त शिक्का मारला, तोही अर्ध्याच ठरावावर. सावकाश पिण्याचं कलम पुस्तकात नाही. ते आमच्या वहीत अजून जिवंत आहे, आणि काका मुद्दाम सावकाशच पितात.

या सगळ्यावर काकांचं मत वेगळं. रेल्वेत 'जी अँड एसआर' नावाचं पुस्तक असतं. त्यातले जनरल रूल्स सगळ्या देशाला सारखे, आणि त्यांच्या जोडीचे सब्सिडियरी रूल्स प्रत्येक झोन आपापले करतो. एसआर जीआरला छेद देऊ शकत नाही. काकांची सगळी नोकरी या एका वाक्यावर गेली. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मला बजावलं, "सेक्रेटरीबाई, आता जीआर नवा आला. जुने एसआर आपोआप बाद. आधी नवं पुस्तक जसंच्या तसं चालवा, मग बघू."

मी म्हटलं, काका, रेल्वेत ठीक आहे, इथे गाडी उलट्या दिशेने आली आहे. हा खेळ छापला जाण्याआधी डेव्ह अर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ खेळत होता, स्वतःच्या टिपणांवर, लागेल तसे नियम करत. गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनातल्या लेक जिनिव्हाचा, पूर्वी विमा कंपनीत अंडररायटर. त्याने ती टिपणं मागवली, त्यांना आकार दिला, आणि 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. पहिली छपाई 1000 प्रतींची. त्या खोक्यातलं पुरं पडत नसे. लढाईसाठी दुसरी एक पुस्तिका लागायची, आणि रानात भटकायला दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डगेमचा नकाशा वापरा असं सुचवलेलं होतं. वर शेवटी सल्ला असा की पुढचं तुम्हीच रचा. म्हणजे मूळ जीआर हाच कोणाच्या तरी घरचा एसआर. काकांनी हे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तरी पण आधी जसंच्या तसं."

चार शनिवार आम्ही वही बंद ठेवून पुस्तक जसंच्या तसं चालवलं. आता वाटतं, काकांचं ऐकलं ते बरं झालं.

त्या चार शनिवारांत सगळ्यात जास्त मार माझ्या ठराव क्र. 5 ला बसला. 'हल्ल्याच्या फाशावर 1 पडला तर शस्त्र हातातून सुटून पडते.' सूचक मी, अनुमोदक विझार्ड. पुस्तकात, जुन्याही आणि नव्याही, 1 पडला तर वार हुकतो, बस. पण मला ते फार कोरडं वाटायचं. तलवार निसटून चिखलात पडली, धनुष्याची दोरी तुटली, असं काहीतरी रंगवून सांगायला मिळायचं. सगळे हसायचे. दीरही हसायचे, निदान मला तसं वाटायचं.

नव्या पुस्तकात 'वेपन मास्टरी' नावाचा प्रकार आला आहे. प्रत्येक शस्त्राला एक खासियत. दोन हातांच्या मोठ्या तलवारीची खासियत 'ग्रेझ', म्हणजे वार हुकला तरी समोरच्याला ओरखडा जातो आणि योद्ध्याच्या ताकदीमुळे फाशात जो आकडा मिळवायचा असतो तेवढं नुकसान होतं. दिरांच्या बुटक्याकडे नेमकी हीच तलवार. तिसऱ्या शनिवारी त्यांना 1 पडला. मी सवयीने तोंड उघडलं, त्यांनी बोट पानावर ठेवलं. "वहिनी, हुकला. पण चार पॉइंट गेले त्याचे. आणि तलवार हातातच आहे."

मग काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला. एकदा फासा टाकला तर 1 पडण्याची शक्यता 5 टक्के. पाचव्या पातळीला योद्धा एका पाळीत दोन वार करतो, निदान एकदा 1 पडण्याची शक्यता 9.75 टक्के. अकराव्या पातळीला तीन वार, 14 टक्क्यांच्या वर. विसाव्या पातळीला चार वार, साडेअठरा टक्के. म्हणजे माझ्या ठरावाप्रमाणे गावातलं काल लाठी शिकलेलं पोर वीस वारांत एकदा लाठी पाडणार, आणि देशातला सगळ्यात मोठा तलवारबहाद्दर दर पाच-सहा पाळ्यांत एकदा तलवार शोधत चिखलात वाकणार. आणि विझार्ड? तो फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकतो. त्यात फासा समोरच्यांनी टाकायचा असतो. विझार्डच्या हातून कधीच काही पडत नाही. ठरावाला अनुमोदन कोणी दिलं होतं ते वहीत आहेच.

तीन वर्षं मी एकाच माणसाकडून दंड वसूल करत होते आणि त्याला गंमत म्हणत होते. सोसायट्यांत हे फार होतं. फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांकडून नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घ्यायचे असतात ते सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के. पण कमिटीतल्या कोणीच भाडेकरू ठेवलेला नसला की आकडा हळूच फुगतो, आणि सगळ्यांना तो रास्त वाटतो. हे मी दुसऱ्यांच्या कमिट्यांना चढ्या आवाजात सांगितलेलं आहे. ठराव क्र. 5 रद्द. सूचक सेक्रेटरी स्वतः.

आता पुस्तकाची बाजू कुठे लंगडी पडते ते. लपण्याचे नियम. नव्या आवृत्तीत लपायला आडोसा हवा, शत्रूची नजर नको, आणि स्टेल्थच्या, म्हणजे लपण्याच्या कौशल्याच्या, फाशावर किमान 15 हवेत. इथवर छान, पूर्वीपेक्षा स्पष्ट. पण हे जमलं की तुम्हाला 'इनव्हिजिबल' ही अवस्था मिळते, अदृश्य होण्याच्या मंत्राने मिळते तीच. ती कधी संपते त्याची यादी दिली आहे: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, शत्रूने शोधून काढलं, हल्ला केलात, उच्चार करावा लागणारा मंत्र टाकलात. आमची लॉ कॉलेजवाली खांबामागे लपली, 15 च्या वर टाकले, आणि शांतपणे चालत पहारेकऱ्याच्या समोरून निघाली.

"अगं, दिवसाउजेडी, त्याच्या नाकासमोरून?"

"काकू, यादी वाचा. आडोशाबाहेर आलं की दिसते असं कुठे लिहिलंय? यादीत नाही ते कलमात नाही."

आम्ही पाऊण तास भांडलो. पोहे गार झाले. 'शत्रूने शोधून काढलं' यात नुसतं बघणं धरायचं की त्यासाठी फासाच हवा, यावर तिने इतका जोरदार युक्तिवाद केला की मला तिच्या प्राध्यापकांचा अभिमान वाटला. माझं मत अजून तेच आहे. नियम लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळतं, तिलाही कळतं, पण वाक्याने ते पकडलेलं नाही. 384 पानांच्या पुस्तकात या एका वाक्याला जागा मिळायला हवी होती. ठराव क्र. 11: 'जागत्या माणसाच्या थेट नजरेसमोर आल्यास लपलेला इसम दिसतो.' मंजूर, चार विरुद्ध एक.

फाशावर 20 पडल्याचा वाद मात्र मला अजून सोडवता आलेला नाही. पुस्तकाप्रमाणे 20 पडला की हल्ला हमखास लागतो आणि नुकसानाचे फासे दुप्पट होतात. पण दार उचलणं, राजाला पटवणं, कुलूप उघडणं, यात 20 म्हणजे नुसतं 20. त्यात तुमचा आकडा मिळवा, पुरलं तर पुरलं. ऑगस्ट 2022 मध्ये प्रकाशकांनी खेळून बघायला म्हणून जो मसुदा काढला होता, त्यात 20 म्हणजे सगळीकडे हमखास यश असं घातलं होतं. नंतर ते मागे घेतलं. बाल्डर्स गेट थ्रीने मात्र ठेवलं, त्यामुळे तो गेम खेळून आलेली मुलं 20 पडला की उठून नाचतात, आणि त्यांना पुस्तक दाखवणं हे फार रुक्ष काम आहे.

चौथ्या शनिवारी काकांच्या क्लेरिकने लोखंडी दरवाजा उचलायचं ठरवलं. हा क्लेरिक म्हणजे हडकुळा माणूस, ताकद 8, म्हणजे फाशातून 1 वजा. दरवाजा हलायला लागणारा आकडा मी मनात 25 ठरवला होता. काकांनी फासा टाकला आणि 20. एकच आरडाओरडा झाला, यजमान टीव्ही सोडून आत आले. 20 उणे 1, एकोणीस. पुस्तकाप्रमाणे दरवाजा जागचा हलत नाही. आणि जसंच्या तसं चालवा हा हट्ट काकांचाच. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ते म्हणाले, "नाही म्हणा. नियम आहे." चेहरा असा, की शेवटची लोकल चुकली.

मी नाही म्हटलं. नियमाने ते बरोबरच होतं. पण घरी परतताना जिन्यात ते काही बोलले नाहीत आणि मला रात्रभर एकच गोष्ट खात राहिली: 20 पडूनही जमणार नव्हतं, तर मी त्यांना फासा टाकूच का दिला? नव्या पुस्तकात पहिलाच अध्याय खेळ कसा चालतो यावर आहे, आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच फासा टाकायला सांगावं हे तिथे स्वच्छ आहे. मी ते वाचलं होतं. दरवाजा जड आहे, तुमच्याने हलणार नाही, दुसरं काहीतरी बघा, एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं. नियम चुकला नव्हता, मी चुकले.

बाकीचं भरभर. थकव्याचा जुना सहा पायऱ्यांचा तक्ता, ज्यात प्रत्येक पायरीला वेगळीच शिक्षा होती आणि जो कोणालाही पाठ नव्हता, तो गेला. आता दर पायरीला फाशातून 2 वजा आणि चालीतून 5 फूट वजा, सहाव्या पायरीला मरण. झकास. अचानक हल्ला झाला तर पूर्वी अख्खी पहिली पाळी बसून काढावी लागे. आता क्रम ठरवण्याच्या वेळी दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. आम्ही साधारण तसंच करत होतो, ठराव 8, शिक्का बसला. इन्स्पिरेशनचं, म्हणजे डीएमने दिलेल्या शाबासकीचं, नाव आता हिरोइक इन्स्पिरेशन, आणि ते खर्चून कुठलाही एक फासा पुन्हा टाकता येतो. त्यासाठी आमच्याकडे कमळाचं जुनं 20 पैशांचं पितळी नाणं आहे. ज्याच्याकडे नाणं त्याच्याकडे इन्स्पिरेशन. नाणं समोर दिसत असल्यामुळे विसरायला होत नाही. हे पुस्तकात नाही, पण असायला हरकत नव्हती.

पात्र तयार करताना ताकद-चपळाईचे वाढीव आकडे आता वंशावरून मिळत नाहीत, पात्राच्या पूर्वायुष्यातल्या पेशावरून मिळतात. मला पटलं. लॉ कॉलेजवालीला नाही पटलं, कारण तिला हवे असलेले आकडे आणि तिला हवा असलेला पेशा एकत्र येईनात. ठराव क्र. 12 विचाराधीन.

पुस्तक म्हणून सांगायचं तर शेवटी नियमांचा वर्णक्रमाने कोश दिला आहे, आणि माझ्या मते साडेआठशेतले निम्मे त्यातच वसूल झाले. जुन्या पुस्तकात एक नियम शोधायला तीन अध्याय उलटावे लागायचे, तोवर ओगर म्हातारा व्हायचा. पात्रांचे 12 वर्ग (योद्धा, चोर वगैरे), प्रत्येकाचे चार उपप्रकार, चित्रं भरपूर. इंग्रजी सोपं आहे. दीर अर्थ विचारत विचारत वाचायचे, आता एकटेच वाचतात.

घ्यावं का? नवीन टेबल असेल तर लगेच नको. मूलभूत नियम डी अँड डी बियाँड या प्रकाशकांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, आणि 2025 मध्ये नव्या आवृत्तीचा संदर्भसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. त्यावर महिना-दोन महिने खेळा. गोडी लागली तर वर्गणी काढा. जुनं टेबल असेल आणि तुमची स्वतःची वही असेल तर मात्र घ्या, आणि छापीलच घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच डी अँड डी बियाँडवर लोकांच्या जुन्या पात्रांचे मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप नव्या आवृत्तीच्या होणार असं जाहीर झालं होतं. खेळणारे खवळले आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. कागदावर रात्रीतून कोणी येऊन बदल करत नाही. आमच्याकडे 2014 चं पुस्तकही त्याच फळीवर आहे, आणि एखादा मंत्र जुनाच हवा असेल तर विझार्ड तसा अर्ज करतो.

पाचमध्ये चार तारे. अर्धा लपण्याच्या नियमांपायी कापला, अर्धा सावकाश पिण्याचं कलम न घेतल्याबद्दल. दुसरा अर्धा हा सरळसरळ आकस आहे, मान्य.

पाचव्या शनिवारी वही पुन्हा उघडली. दरवाजाच्या विषयावर काकांनी स्वतःच ठराव मांडला, जनरल रूल्सवाल्या काकांनी: फाशावर 20 पडला आणि तरी पुरलं नाही, तर मागितलेलं मिळणार नाही, पण दुसरं काहीतरी मिळेल. काय ते डीएम ठरवेल. मी विचारलं, मागच्या तारखेपासून लागू करायचा का? दिरांनी अनुमोदन दिलं. म्हणून दरवाजा अजून तिथेच आहे, पण साखळीची एक कडी तुटली असून खालून वीतभर फट पडली आहे. बुटका तिथून जात नाही, तलवार आडवी येते. चोर जाऊ शकते. पलीकडे पहारेकरी जागा आहे, आणि ठराव 11 लागू आहे.

पुस्तक या आठवड्यात काकांकडे आहे. त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं, आणि लपण्याच्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलंय: 'वही पाहा.' चार हजारांच्या पुस्तकावर पेन्सिल चालवली म्हणून दीर अजून धुसफुसत आहेत.